गार्डन क्लबनं झाडं लावू नयेत, रोपं करावीत

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बाल्कनी-टेरेसवर बाग करणाऱ्या चाळीसेक जणांचा गार्डन क्लब आहे, तीन वर्षं कटिंगची देवाणघेवाण आणि एकमेकांच्या बागा बघणं एवढंच चाललंय, आता निसर्गासाठी काहीतरी करावं असं सगळ्यांच्या मनात आहे. एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून, पैसे द्यायला तयार आहे, म्हणून 5 जूनला टेकडीवर 500 झाडं लावायचा बेत आहे. कोणती घ्यावीत, किती उंचीची घ्यावीत, वड-पिंपळ चालतील का?

ताई, राग मानू नका, पण माझं पहिलं उत्तर आहे की नका लावू. निदान यंदा नको, आणि टेकडीवर तर नकोच नको. मी अठरा वर्षं असाच एक ग्रुप चालवतेय आणि आम्ही पहिल्याच वर्षी नेमकं हेच केलं होतं, शंभर झाडं, बॅनर, टोप्या, वडापाव, एका कंपनीची माणसं बस भरून आलेली, आणि त्यांच्या साहेबांची अट अशी की प्रत्येक रोपाशेजारी लावणाऱ्याच्या नावाची लोखंडी पाटी हवी. पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही तिघी कॅन घेऊन वर गेलो तर झाडं अकरा आणि पाट्या शंभरच्या शंभर. लांबून बघितलं तर स्मशानच वाटत होतं. त्या अकरातली सुद्धा पाच गुलमोहोराची, म्हणजे मूळ मादागास्करची, आता बोला.

आता यात चुकलं काय ते नीट सांगते, कारण नुसतं "पाणी घातलं नाही" एवढंच कारण नाहीये.

एक तर तारीख. 5 जून, म्हणजे जागतिक पर्यावरण दिन, ही तारीख 1972 च्या स्टॉकहोम परिषदेवरून आलीय, आपल्या पावसावरून नाही. आपल्याकडे मृग लागतो 7-8 जूनला, पुण्यात मान्सून धड पोचतो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि जमीन खोलवर भिजायला जुलै उजाडतो. 5 जूनला खड्ड्यात हात घाला, मुरूम तव्यासारखा तापलेला असतो. शेतकरी माणूस त्या दिवशी काही लावणार नाही, आपण मात्र फोटोसाठी लावतो.

दुसरं म्हणजे जागा, आणि हे मला कळायला फार उशीर झाला. पुण्याच्या टेकड्या म्हणजे वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, बाणेर, या काही उजाड पडलेल्या नाहीयेत. उन्हाळ्यात पिवळ्या दिसतात म्हणून आपल्याला वाटतं की इथं काहीच नाही, चला हिरवं करूया. अहो तो माळ आहे. वरती वीतभर माती, खाली बेसॉल्टचा काळा खडक, वर्षाला साधारण 700 मिमी पाऊस, त्यात मुळात गवत आणि मधूनमधून विखुरलेली सालई, मोई, धावडा, गणेर, हिवर अशी झाडं. दाट जंगल तिथं नव्हतंच कधी, तिथं ते असणारही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच "उजाड" जागी गुडघे टेकून बसलात तर मुसळी, आभाळी, तेरडा, जमिनीवर उगवणाऱ्या आमरी म्हणजे ऑर्किड, सगळं बोटाच्या उंचीवर सापडतं, आणि त्या गवतातच तितर आणि चंडोल अंडी घालतात. आम्ही दोन-दोन फुटांचे शंभर खड्डे घेतले ते यावरच. त्या पावसाळ्यात वनस्पतीशास्त्राचे एक निवृत्त सर सोबत आले होते, ते काही बोलले नाहीत, नुसते एका खड्ड्याच्या कडेला वाकले, मातीच्या ढिगातून एक छोटासा कंद उचलला, हातावर ठेवला आणि म्हणाले "हे तुम्ही काढलंत." बास. मला अजून तो खड्डा आठवतो.

आणि हे काही फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांनीच केलं असंही नाही. याच टेकड्यांवर काही दशकांपूर्वी ग्लिरिसिडिया लावला गेला, आपण गिरीपुष्प किंवा उंदीरमारी म्हणतो तो, मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. झटपट वाढतो, गुरं फारशी खात नाहीत, फेब्रुवारीत गुलाबी फुलतो, सगळे खूश. आज जिथं त्याची दाटी आहे तिथं खाली बघा, गवत नाही, पक्षी कमी, ऐन उन्हाळ्यात नुसत्या काड्या. म्हणजे 500 काय, हजारो झाडं जगली आणि तरी टेकडी गरीबच झाली. जगण्याचा टक्का हा एकच हिशोब धरला की असं होतं. शिवाय टेकडीवरची जागा वनखात्याची असते, महापालिकेची असते किंवा खाजगी असते, परवानगीशिवाय एक खड्डासुद्धा घ्यायचा नसतो हे वेगळंच.

मग करायचं काय? तुमच्याकडे असं काय आहे जे त्या कंपनीकडे नाही, कॉलेजच्या एनएसएसच्या मुलांकडे नाही, नगरसेवकाकडे नाही? खड्डे कोणीही घेतं. पण कुंडीतलं रोप पान कशामुळे टाकतंय, पाणी जास्त झालंय की कमी, मिलीबग, ती कापसासारखी पांढरी कीड, आलीय का, हे बघून सांगणारे चाळीस जण एका जागी सापडत नाहीत. तुमची विद्या ती आहे, रोप जगवायची. म्हणून माझं म्हणणं असं की गार्डन क्लबनं झाडं लावण्याच्या भानगडीत न पडता रोपवाटिका चालवावी. चाळीस बाल्कन्या, प्रत्येकीत दहा पिशव्या, झाली की 400 रोपं, आणि जागेचं भाडं शून्य.

कोणती रोपं? जी नर्सरीत मिळत नाहीत ती. तुम्ही कुठल्याही मोठ्या नर्सरीत जा आणि मोई, धावडा, मेडशिंगी, वारस, हुंब, काकड, भोकर, बारतोंडी मागून बघा. नर्सरीवाला तुमच्याकडे बघत राहील आणि मग काशिद नाहीतर गुलाबी टॅबेबुया दाखवेल. त्याचा दोष नाही, त्याला खप बघायचाय, दोन वर्षं धावडा सांभाळून तो विकणार कोणाला? पण त्यामुळे होतं काय की देशी झाडं लावायची खरोखर इच्छा असलेली माणसं, शेताचा बांध असलेली, देवराई जपणारी, शाळेचं आवार असलेली, तीसुद्धा शेवटी मिळेल ते लावतात. तिथं रोपांचा दुष्काळ आहे, उत्साहाचा नाही.

आता मुख्य कामाचं. बी.

बी रस्त्यावरच्या, सोसायटीतल्या, गावाकडच्या झाडांखालून गोळा करायचं, शक्यतो जमिनीवर पडलेलं, आणि सगळं नाही न्यायचं, किड्यामुंग्यांचं आणि खारींचं पण असतं. अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही. एकाच झाडाचं बी सगळ्यांनी वाटून घेण्यापेक्षा चार-पाच वेगवेगळ्या झाडांचं थोडं थोडं घ्या, नाहीतर सगळी भावंडंच तयार होतील. आणि पुण्यात लावायचं असेल तर बी पुण्याच्या आसपासचं, कोकणातल्या झाडाचं बी आणून इथल्या मुरमावर त्याला कष्ट द्यायचे नाहीत.

प्रत्येक बीची तऱ्हा वेगळी. बहावा घ्या, काळी दांडक्यासारखी शेंग फोडली की आत चवलीच्या नाण्यासारखे कप्पे, काळा चिकट गर आणि प्रत्येक कप्प्यात एक चपटं तपकिरी बी. ते तसंच पेरलं तर वर्षभर ढिम्म. त्याची साल इतकी घट्ट की पाणी आत जात नाही. आम्ही काय करतो, गर धुतो, बी वाळवतो, मग नेलकटर घेऊन कडेचा अगदी टिचभर तुकडा उडवतो, कोंबाची बाजू सोडून, आणि रात्रभर पाण्यात. सकाळी काही बिया दुप्पट फुगलेल्या असतात, त्या पेरायच्या, ज्या तशाच टणक आहेत त्यांना परत नेलकटर. आमच्या ग्रुपमधल्या एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, त्या टीव्हीवर मालिका बघता बघता दोनशे बिया कापून देतात. ज्यांना गुडघ्यांमुळे टेकडी चढवत नाही त्यांच्यासाठी यासारखं काम नाही.

आपट्याचंही बी टणक, त्याला गरम पाण्यात घालून तसंच रात्रभर गार होऊ द्यायचं. (आपटा कराच, कारण दसऱ्याला आपण जे सोनं म्हणून वाटतो ते पुष्कळदा कांचनचं असतं आणि त्यापायी दोन्ही झाडं ओरबाडली जातात.) कडुनिंबाचं उलट, ते साठवायचंच नाही, जून-जुलैमध्ये पिवळी निंबोळी पडली की गर काढून पंधरा दिवसांच्या आत पेरायची, नंतर ती मेलेली असते. भोकराचा गर इतका चिकट की हात सुटत नाहीत, तो राखेत चोळून काढायचा, ही युक्ती आमच्या कामवाल्या मावशींची. काटेसावरीच्या कापसातल्या बिया ताज्या असल्या तर भराभर उगवतात, शाळेच्या मुलांना द्यायला उत्तम, आठवड्यात काहीतरी दिसतं. बिब्बा मात्र मुलांच्या हातात देऊ नका, त्याच्या तेलानं कातडी भाजते.

धावड्यानं आम्हाला दोन वर्षं रडवलं. ट्रेभरून बी पेरायचो आणि दोन कोंब यायचे. नंतर कळलं की त्याची बहुतेक बी आतून पोकळच असते, तेव्हा भरपूर पेरायचं आणि मिळेल ते पदरात घ्यायचं, दुसरा इलाज नाही. सालईचंही थोडंफार तसंच. मोई आणि पांगारा मात्र बीच्या मागे लागूच नका, मनगटाएवढी फांदी उन्हाळ्याच्या शेवटी लावली की फुटते.

आणि पळस. पळसाची शेंग चपटी, भुरकी, टोकाला एकच बी, वाऱ्यावर गिरक्या घेत खाली येते. मेअखेरीस-जूनमध्ये झाडाखाली सडा असतो. बी ताजं ताजं पेरलं की पंधरा दिवसांत वर, काहीही करावं लागत नाही. पण मग तो वर्षभर वर चार-दोन पानांवर बसून राहतो, पळसाला पानं तीन ही म्हण रोपाला जरा जास्तच लागू, आणि नवीन मेंबरचा मेसेज येतो की माझं रोप वाढत नाहीये, काय घालू. काहीही घालू नका! सगळं खाली चाललंय. त्याचं सोटमूळ फूटभर जातं आणि पिशवी आखूड असली की तळाशी जिलबी करून बसतं. अशी जिलबी झालेलं रोप लावलं की दोन-तीन वर्षं बरं दिसतं आणि मग एका उन्हाळ्यात उभ्या उभ्या जातं, कारण मूळ खाली गेलेलंच नसतं.

म्हणून पिशवीकडे लक्ष द्या. दुधाच्या पिशव्या फुकट मिळतात, एक लिटरची कडेनं कापून, धुऊन, तळाला चार भोकं पाडली की पहिल्या चार महिन्यांचं काम होतं. मग पळस, बेहडा, भोकर यांना लांब पिशवी किंवा दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, वरचा भाग कापून, खाली भोकं आणि बाहेरून काळा कागद किंवा जुनं कापड, कारण मुळांना उजेड नको आणि आत शेवाळं धरतं. मातीचं म्हणाल तर दोन भाग माती, एक भाग पानांचं खत, एक भाग वाळू. नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवू नका, रोपं कशी गुबगुबीत दिसतात पण टेकडीच्या मुरमात गेली की आयसीयूतून थेट मॅरेथॉन. शेवटचे दोन-तीन महिने तर रोपं मुद्दाम उन्हात ठेवायची आणि पाण्याचा हात आखडता घ्यायचा. जीव तुटतो, पण करायचं.

पावसाळ्यात आफ्रिकन गोगलगायींवर लक्ष ठेवा, एका रात्रीत ट्रे साफ करतात, औषध नको, टॉर्च घेऊन रात्री नऊला उचलायच्या, ग्लोव्ह्ज घालून.

अजून एक बारीकशी गोष्ट, लेबल. आइस्क्रीमच्या काडीवर पेन्सिलीनं लिहायचं, मार्करनं नाही. मार्करला परमनंट म्हणतात पण पुण्याच्या उन्हात तो तीन महिन्यांत उडतो, पेन्सिल राहते. आमच्याकडे एका वर्षी साठ रोपं "बहुतेक मेडशिंगी" या नावानं दिली गेली, त्यातली निम्मी वारस निघाली. वहीत बी कुठल्या झाडाचं, कधी आणलं, कधी पेरलं, किती उगवलं एवढं लिहा, दुसऱ्या वर्षी ती वहीच तुमची गुरू.

तुमचा उंचीचा प्रश्न राहिला. लोकांना सहा-आठ फुटी झाड हवं असतं, लगेच दिसतं म्हणून. पण तेवढं झाड पिशवीत वाढवलंय म्हणजे मुळं गुंडाळलेलीच असणार, आणि उन्हाळ्यात ती एवढ्या पानांना पाणी पुरवूच शकत नाहीत. गुडघा ते कमरेच्या मधलं, वर्ष-सव्वा वर्षाचं रोप सगळ्यात चिवट. म्हणजे या पावसाळ्यात पेरलंत तर पुढच्या जुलैमध्ये द्यायला तयार. वड-पिंपळाला माझा विरोध नाही, पण ते देवळाच्या आवारात, तळ्याकाठी, गावच्या चौकात, जिथं पन्नास वर्षं कोणी काही बांधणार नाही तिथं. आणि ते भिंतीतून, गटारातून आपले आपण इतके येतात की वेगळे करायची गरजच नाही, भिंतीतलं छोटं रोप हलक्या हातानं काढून पिशवीत लावा.

रोपं द्यायची कोणाला याबद्दल मी जरा खडूस आहे. फुकट वाटप स्टॉल आम्ही एकदा लावला, लोकांनी नेली, संध्याकाळी त्यातली चार पुढच्या चौकातल्या बाकावर ठेवलेली सापडली. आता आमचा एकच प्रश्न असतो, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार त्याचं नाव सांगा. "आम्ही सगळे" हे उत्तर चालत नाही. एक नाव. आणि रोपं न्यायला त्यांनी स्वतः यायचं, घरपोच नाही, जो पिशव्या घ्यायला टेम्पो घेऊन येतो तो पाणीही घालतो असा अनुभव आहे. लावल्यावर तीन उन्हाळे, आठवड्याला साधारण बादलीभर पाणी, आळ्यात वीतभर पालापाचोळा, बास. आणि माळावर असेल तर होळीच्या आधी भोवतीचं वाळलेलं गवत कापून जाळपट्टा काढायचा, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणाच्या तरी विडीनं वणवा लागतोच, तेव्हा तीन वर्षांची मेहनत दहा मिनिटांत जाते.

खताचं वर म्हटलं पानांचं खत, ते विकत आणायचं नाही हं. डिसेंबर ते मार्च सोसायटीतला वॉचमन किंवा झाडणाऱ्या बाई रोज सकाळी पाला पेटवतात, धूर सगळ्यांच्या घरात, आणि कचरा असा उघड्यावर जाळायला मुळात बंदी आहे. त्यांच्याशी भांडू नका. कोंबडीजाळी घ्या, चार फूट उंच, तिचा चार फूट रुंद गोल करा, तारेनं बांधा, झाडाखाली कोपऱ्यात उभा करा आणि त्यांना सांगा यात टाका. जाळण्यापेक्षा त्यांचंही काम कमी होतं. दर फूटभर थराला शेणाची स्लरी किंवा आंबट ताक, नाहीतर स्वयंपाकघरातला थोडा ओला कचरा, आणि पाणी. नुसता कोरडा पाला वर्षभर तसाच राहतो, त्याला नत्र लागतं. रेन ट्रीची बारीक पानं चार महिन्यांत माती होतात, आंबा-फणस-पिंपळाची पानं चिवट, ती जरा पायानं चुरून टाका. आमच्या एका सोसायटीचा पाला आता सगळा आमच्या पिशव्यांत जातो आणि तिथल्या वॉचमनकाकांनी स्वतः दहा बेलाची रोपं केलीयेत.

गणपतीतलं निर्माल्यही याच पद्धतीनं होतं, पण हार-दुर्वांतला दोरा, जरी, थर्माकोल वेचायला माणसं लागतात, अनंत चतुर्दशीला घाटावर बसून हे काम करायची तयारी असेल तरच घ्या.

आता उभ्या झाडांचं, ज्याला एकही खड्डा लागत नाही. तुमच्या रस्त्यावरची झाडं मोजा, बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक आलेली किती, खिळे किती, तारा आवळल्यात किती. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, तो आदेश अर्जाला जोडायला बरा पडतो. आपल्याकडे 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, 2021 च्या दुरुस्तीत 50 वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज झाडं म्हटलंय. उद्यान विभागाला लेखी अर्ज द्या, फोटो लावा, पोच घ्या, आणि परवानगी आली की पेव्हर ब्लॉक हातानं उचला, काँक्रीट असेल तर छिन्नी-हातोडा, ब्रेकर मशीन अजिबात नाही, मुळं फुटतात. मोकळ्या झालेल्या जागेत माती आणि पाला, पण बुंध्याला लागून ढीग करायचा नाही, साल कुजते. तिथं लगेच फुलझाडं लावायची हौस आवरा. खिळे काढायचं काम पुण्यात आंघोळीची गोळी या संस्थेनं बरंच केलंय, त्यांचं बघून आम्ही शिकलो, पक्कड आणि कटावणी पुरते, आणि एका सकाळी एका वडातून आम्ही जे काढलं ते डब्यात भरून ठेवलंय, स्टेपलरच्या पिना, खिळे, क्लासची जाहिरात लावलेला एक स्क्रूसुद्धा.

झाडं ओळखता यायला लागली की माणूस गप्प बसू शकत नाही, हा माझा अनुभव. मुंबईत राणीच्या बागेचं उदाहरण बघा, भायखळ्याची ती बाग 1862 सालची, उर्वशीसारखी दुर्मिळ झाडं तिथं आहेत. प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा भलामोठा आराखडा आला तेव्हा आडव्या उभ्या राहिल्या त्या प्रामुख्यानं झाडं बघत फिरणाऱ्या बायका, त्यांना कुठलं झाड कुठं आहे ते माहीत होतं म्हणून त्या बोलू शकल्या. गार्डन क्लब हा प्रकारच अमेरिकेत अशा बायकांनी सुरू केला, जॉर्जियातल्या अथेन्स गावात 1891 मध्ये. पुढे 1913 मध्ये गार्डन क्लब ऑफ अमेरिका निघाला, त्यांच्या नावाची रेडवुडची राई कॅलिफोर्नियात हम्बोल्टच्या उद्यानात आहे. त्यांनी ती लावलेली नाही हं, पैसे जमवून कुऱ्हाडीपासून वाचवलेली.

एक आपल्याच घरातली गोष्ट, जी क्लबमध्ये कोणाला आवडत नाही. बाहेरची झाडं मोकाट सोडणाऱ्यांत आपण बागवाले पुढे. तो पिवळा-केशरी कॉसमॉस, सप्टेंबरमध्ये रस्त्याकडेला, टेकडीवर जिथं लोक सेल्फी काढतात, तो मेक्सिकोकडचा आहे आणि गवतातल्या आपल्या फुलांना हुसकावतोय. पावसाळी ट्रिपला जाताना खिडकीतून त्याचं बी उधळणारी माणसं मी पाहिलीयेत, मोठ्या प्रेमानं. घाणेरीही कधीतरी शोभेची म्हणूनच आली होती. वेडेलिया या पिवळ्या फुलांच्या पसरणाऱ्या झाडाची छाटणी नाल्यात टाकली की नाला पिवळा होतो, टाकीतली जलपर्णी नदीत टाकली की पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा क्लबचा पहिला ठराव हाच करा की यातलं काहीही देवाणघेवाणीत येणार नाही, आणि टेकडीवर एखादं काम करायचंच असेल तर परवानगी काढून, फुलं धरायच्या आधी, ऑगस्टमध्ये कॉसमॉस उपटायला जा. फोटो पण छान येतात. सीडबॉलचा, म्हणजे मातीच्या गोळीत बी घालून फेकायचा, कार्यक्रम मात्र नको, माळावर फेकलेल्या शंभर गोळ्यांतलं काय उगवतं ते जाऊन मोजणारा मला अजून भेटायचाय.

फुलपाखरांसाठी वेगळा प्रकल्प लागत नाही. कढीपत्ता आणि लिंबाची पानं अळ्यांनी खाल्लेली दिसली की फवारणी करू नका, ते पुष्कळदा कॉमन मॉरमॉन असतं, नशीब असेल तर ब्लू मॉरमॉन, आपलं राज्य फुलपाखरू. प्लेन टायगरला रुई लागते, एखादी रुई सोसायटीच्या कोपऱ्यात राहू द्या, माळीबुवांना सांगून ठेवा की ती तण नाही.

कंपनीला नाही म्हणू नका. त्यांना सांगा 500 झाडं नाही, पण तीन वर्षं अर्धवेळ माळ्याचा पगार, शेडनेट, लांब पिशव्या, कोंबडीजाळी आणि उन्हाळ्यातले टँकर एवढं द्या. बहुतेक कंपन्या काढता पाय घेतात. आमच्याकडे चार जणांना विचारल्यावर एक टिकली, त्यांची माणसं आता दर शनिवारी पिशव्या भरायला येतात, बॅनरशिवाय, आणि त्यातल्या दोघांना माझ्यापेक्षा चांगलं बी ओळखता येतं.

आता मे सुरू होतोय, बहाव्याच्या गेल्या वर्षीच्या शेंगा अजून झाडावर काळ्या लोंबतायत आणि पळसाच्या महिनाभरात पडतील, तोवर प्रत्येकीनं दुधाच्या वीस पिशव्या धुऊन ठेवायला सांगा. मेडशिंगीचं बी माझ्याकडे अर्धी बरणी पडलंय, यंदाचंच आहे, येऊन घेऊन जा. बरणी तेवढी परत करा, लोणच्याची आहे.